विहिरीत ओरडायचं नसतं

सातवीनंतर मी शाळा सोडली आणि शाळेनंही मला फारसं शोधलं नाही. त्यामुळं लिहायला बसलो की अजूनही आधी हात पुसून घेतो, कोणी वही तपासायला येणार असल्यासारखा. पण ही गोष्ट तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं आणि मग ते राहिलेलं दोन-दोन दिवस टोचतं. म्हणून एकदाची लिहून टाकतो.

माझं गाव गोंदियाकडं, झाडीपट्टीत, धानाच्या बांध्यांत. तिकडं वीस फुटांवर पाणी लागतं. इकडं पारनेरच्या माळावर साठ फूट खाली गेलं तरी दगडाला घाम फुटत नाही. तरी मी इकडंच राहिलो, कारण विहिरी खोदणाऱ्या या टोळीनं मला ठेवून घेतलं. गाडीतून उतरलो तेव्हा मला इकडची भाषा अर्धी कळायची आणि माझी त्यांना अर्धीच. मी "हो जी" म्हणालो की सगळे हसायचे. टोळीचा मिस्तरी तेवढा हसला नाही. त्यानं भाकरीवर ठेचा ठेवून पुढं केला आणि म्हणाला, "खा पाव्हणं. उद्यापास्नं खाली उतरायचं हाय." अकरा वर्षं झाली, त्याच्या तोंडी मी अजून पाव्हणाच आहे.

मिस्तरी यारी चालवतो. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेली इंजिनाची क्रेन. तिच्या तारेला लोखंडी बकेट टांगलेली असते. खाली आम्ही दगडमुरूम भरतो, मिस्तरी वर ओढून काठापलीकडं ओततो. तो बसतो तिथून त्याला विहिरीचा तळ दिसत नाही. त्याला जे कळतं ते कानांनी आणि तारेनं. पहारीचे बकेटीवर दोन ठोके म्हणजे उचल, एक ठोका म्हणजे थांब. आणि आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट अशी, की विहिरीत ओरडायचं नसतं. चेष्टेनं नाही, साप दिसला तरी नाही, पाण्याचा झरा फुटला तरीसुद्धा नाही. ओरडा एकाच कामासाठी राखून ठेवलेला. दरड सुटली किंवा माणूस अडकला, तरच. ओरडा ऐकला की खालची माणसं बकेटीला मिठी मारतात आणि वरचा माणूस काही न विचारता उचलतो.

मिस्तरीनं एकदा विचारलं होतं. मी यायच्या कितीतरी आधी. ओरडा आला आणि त्याला वाटलं, पोरं मस्करी करतायत. "काय रं?" एवढंच त्यानं वरून विचारलं. तेवढ्या वेळात एका गड्याचा पाय दगडाखाली गेला. तो गडी आता गावात किराणा दुकान चालवतो. दर दिवाळीला मिस्तरी त्याच्या घरी फराळाचा डबा घेऊन जातो आणि ओट्यावर न बोलता तासभर बसून येतो. तेव्हापासून ओरडा कानावर पडला की त्याचा हात आधी यारीच्या दांड्यावर जातो, डोकं नंतर पोचतं.

तर अशा आमच्या एका अर्ध्या खोदलेल्या विहिरीवर सिनेमावाले आले.

दिग्दर्शक पुण्याचे होते. एका जुन्या, जगभर वाचल्या जाणाऱ्या छोट्या कादंबरीवर त्यांचा सिनेमा होता. गरीब माणसाला अचानक मोठं घबाड सापडतं आणि मग हाव त्याला, त्याच्या घराला, अख्ख्या वस्तीला कशी खाते, एवढीच ती गोष्ट. पुस्तकातला मुलूख लांबचा. यांनी ती गोष्ट आपल्या माळावर आणली होती आणि माणूस केला होता विहीर खोदणारा. त्याला तळाशी सोन्याच्या मोहरांचा हंडा सापडतो. आमची विहीर त्यांना पसंत पडली, विहिरीच्या मालकाला सिनेमा पसंत पडला, आणि पंधरा दिवस टोळीनं यारीसकट त्यांच्याच दिमतीला राहायचं ठरलं.

मला आधी धास्ती बसली. मला कशाचीही बसते. पण त्यांच्यात एक सहायक मुलगी होती, नगरचीच. तिनं मला पहिल्याच दिवशी खुर्ची दिली. मी बसलो नाही, तर स्वतः उठून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही." दुपारी मी तिच्या पिशवीतल्या पुस्तकाकडं बघत होतो, ते तिनं काढून माझ्या हातात ठेवलं. त्याच कादंबरीचं मराठी भाषांतर.

"मला जमणार नाही जी," मी म्हणालो. "सातवी."

"मग हळू वाचा."

चार दुपारी लागल्या. ओळीखाली बोट धरून, यारीच्या सावलीत बसून वाचलं. शाळा सुटल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं ते माझं पहिलं पुस्तक. टोळीतली माणसं जाता-येता टोमणे मारत. "झाडीवाले कलेक्टर हुनार. आता खाली कोन उतरायचं?" मी हसायचो. पण एका ठिकाणी मला पुस्तक मिटावं लागलं. घबाड सापडलेला माणूस आपल्याच शेजाऱ्यांकडं संशयानं बघायला लागतो, ती जागा. ते मी केलेलं होतं.

टोळीत येऊन मला दुसरं वर्ष होतं. काष्टीजवळ एक जुनी, बुजलेली विहीर उपसायचं काम होतं. बाराएक फुटांवर माझ्या टिकावाखाली तांब्याच्या भांड्याचा काठ लागला. चिखलानं तोंड बंद, हलवून बघितलं तर आत खणखण. आमच्यात रीत पक्की आहे. विहिरीत सापडलेली वस्तू तशीच्या तशी बकेटीत ठेवायची, वर मालकासमोर जाऊ द्यायची. ती रीत मोडणाऱ्याला पुन्हा कोणी विहिरीत उतरवत नाही. आणि मी काय केलं? त्यावर पाय ठेवला. ओरडलो नाही, दचकलो नाही, श्वाससुद्धा नीट घेतला. पाय तिथंच ठेवून जवळचा चिखल ओढत राहिलो. तीनेक तासांत मनात मी गावाकडं पक्कं घर बांधलं, बहिणीचं लग्न लावलं, वडिलांना मोटारीत बसवलं. हे सगळं एक वेळ ठीक. पण खाली माझ्यासोबत दोघं होते. त्यातल्या एकानं त्या सकाळी आपल्यातली अर्धी भाकरी मला दिली होती. तो नुसता पाठ खाजवायला वळला आणि मी टिकावाचा दांडा आवळून धरला. त्याच्या डोक्याकडं बघत होतो मी.

वर मिस्तरीनं अचानक इंजिन बंद केलं. "पट्टा घसरतोय," म्हणाला, आणि त्या दोघांना चहाला वर बोलावलं. मग काठावर ओणवा होऊन मला एवढंच विचारलं, "पाव्हणं, पाय दुखतोय का?"

मी रडायलाच लागलो.

"आरं, रडता कशापायी? बकेटीत ठिवा. मालक हितंच हाय."

बकेट वर गेली. भांड्यात चिखल होता आणि एक गंजकं कुलूप. मालकाच्या आईनं भांडं घासून देवघरात ठेवलं, कुलूप फेकून दिलं. मिस्तरी कोणाला काही बोलला नाही, मलाही कधी नाही. पुष्कळ दिवसांनी मीच विचारलं, तुम्हाला वरून कसं कळलं? तर म्हणाला, "बकेट हलकी याया लागली. एका पायावर हुबा ऱ्हायलेला मानूस भरनार किती?"

आता शूटिंगचा तो दिवस. सकाळी नऊलाच ऊन कडक. तळाशी मुख्य नट, त्याच्यासमोर हंडा पुरलेला, कॅमेरा दोरांवर खाली सोडलेला. बकेटीच्या काठाला एक छोटा दिवा बांधलेला. त्यांच्या पटकथेच्या कागदावर लिहिलं होतं, की हंडा दिसताच तो आनंदानं ओरडतो आणि ओरडा माळभर घुमतो. नट चांगला होता. मनापासून ओरडला.

मिस्तरीनं बकेट उचलली.

दिवा दगडावर आपटून फुटला, कॅमेऱ्याचा दोर गुंतला. कोणाला लागलं नाही, नशीब. मिस्तरीनं कान पकडले. सगळ्यांनी त्याला समजावलं, की हा खोटा ओरडा आहे. "व्हय, व्हय, कळलं," तो म्हणाला. दुसऱ्यांदा नट ओरडला, मिस्तरीनं उचलली. तिसऱ्यांदा त्यानं डावा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला, तर उजव्यानं उचलली.

त्यांचा मॅनेजर तापला. "म्हाताऱ्याला कळत नाहीये. कान गेलेत की डोकं? नगरहून दुसरा ऑपरेटर आणा, दुपारपर्यंत!" मग मालकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "असल्या माणसाच्या हाती तुम्ही विहीर देता कशी?"

ते वाक्य वाईट होतं. मालक मिस्तरीकडं बघायला लागला. आमच्या धंद्यात यारीवरचा माणूस खाली उतरवला ही बातमी चार तालुक्यांत फिरायला दोन बाजार पुरतात. मग त्याच्या हाताखाली उतरायला कोणी तयार होत नाही. मिस्तरी यारीवरून उतरला, टोपी काढली, झटकली, परत घातली. "हात आयकत न्हाई," एवढंच माझ्याजवळ बोलला. त्याचा चेहरा मला बघवेना.

बोलावं तर कोणापुढं? मी सातवी, त्यात परमुलखातला. बोललो तर सगळंच बोलावं लागणार होतं. काष्टीचं भांडं तीन तास पायाखाली दाबलं होतं हे टोळीला, मालकाला कळलं, तर माझंच खाली उतरणं बंद. पण मिस्तरी आपली पाण्याची बाटली पिशवीत भरायला लागला. ती भरायची त्याची घाई बघून माझे पाय आपोआप दिग्दर्शकांकडं गेले.

"सर," मी म्हणालो, "मिस्तरी चुकला नाही जी. तुमचा कागद चुकलाय."

मॅनेजर म्हणाला, "हा कोण आता?"

"बोलू द्या त्यांना," सहायक मुलगी म्हणाली.

मी बोललो. आधी ओरड्याचं सांगितलं, गेलेल्या पायाचं सांगितलं. मग म्हणालो, "आणि घबाड सापडलेला माणूस ओरडत नसतो सर. ओरडला तर ते सगळ्यांचं झालं. तो पाय ठेवतो."

"तुम्हाला कसं माहीत?" दिग्दर्शकांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मालक समोर, टोळी भोवती. मी जमिनीकडं बघून सगळं सांगून टाकलं. भांडं, पाय, घर, बहिणीचं लग्न, मिस्तरीला कळलेली हलकी बकेट. आणि ज्याची अर्धी भाकरी खाल्ली त्याच्या डोक्याकडं टिकाव आवळून बघितलं, तेही. तो गडी तिथंच उभा होता.

मला वाटलं, संपलं.

मग तोच गडी म्हणाला, "आयला! म्हंजी कुलपापायी माझं टाळकं जानार हुतं व्हय?"

एकजण फिसकन हसला. दुसऱ्यानं गळा साफ केला. "आता इषय निघालाच हाय तर... नेवाशाकडं मला बैलाच्या गळ्यातली पितळंची घाट गावली हुती. दोन दिस पागोट्यात ठिवली. तिसऱ्या दिशी वाजली."

"मला तर मोबाईल गावला हुता," तिसरा म्हणाला. "तिथंच चिखलात खुपसून ठिवला. नंतर कळलं, माझाच पडला हुता."

मालकसुद्धा पोट धरून हसला. मी मिस्तरीकडं बघितलं. तो हसत नव्हता. बाटली पिशवीतच होती, पण पिशवीचा बंद त्यानं बांधला नव्हता.

दिग्दर्शक हसले नाहीत. कागद त्यांनी दुमडून खिशात घातला. "दाखवाल मला?" म्हणाले.

मी खाली उतरलो, सोबत नट. वरून सगळी वाकून बघत होती. मी हंड्यावर पाय ठेवला आणि कामाला लागलो. काही वेगळं करायचंच नव्हतं, फक्त पाय उचलायचा नव्हता. दोन ठोके दिले. वर इंजिन धडधडलं, म्हणजे मिस्तरी यारीवर गेला होता, आणि बकेट उचलली गेली. नट माझ्या पायाकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "भीती वाटते हो हे बघून."

"वाटते जी," मी म्हणालो.

वर आलो तेव्हा दिग्दर्शक मिस्तरीजवळ उकिडवे बसले होते. त्यांना बकेट हलकी कशी कळते ते समजून घ्यायचं होतं. मिस्तरी सांगत होता, "सांगायचं काय त्यात? तार बोलती. भरली आसंल तर इंजिन कन्हतं, रिकामी आसंल तर तार नाचती. हितं, ह्या बोटाला कळतं."

"कॅमेरा वर घ्या," दिग्दर्शक उठून म्हणाले. "खाली एक, इथं एक. मला यांचे हात पाहिजेत. हेच पाहिजेत."

मॅनेजर म्हणाला, "सर, नगरचा ऑपरेटर निघालाय..."

"त्याला जेवू घाला आणि परत पाठवा."

मिस्तरी परत यारीवर चढला. मेकअपवाला त्याच्या हाताला मळ लावायला गेला, तेव्हा मिस्तरीनं तळवे त्याच्यासमोर धरले. "ह्यो काय कमी हाय का?" मेकअपवाला हात जोडून मागं सरला.

ते दृश्य एकदाच घेतलं. नटानं पाय ठेवला. चेहऱ्यावर काही नाही, फक्त गळ्याची घाटी वर-खाली झाली. भरताना पाय उचलता येईना म्हणून बकेट अर्धीच भरली. दोन ठोके. तार ताणली गेली, बकेट उचलली गेली, आणि वर मिस्तरीच्या हाताची बोटं दांड्यावर क्षणभर थांबली. त्याला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. बकेट खरंच हलकी होती, आणि त्याला खरंच कळलं होतं. त्यानं तळाच्या दिशेनं मान वळवली, जिथलं त्याला काहीच दिसत नाही, आणि दांडा परत हळूहळू पुढं सारला.

"कट," दिग्दर्शक म्हणाले, तेही हळूच. मग टाळ्या सुरू झाल्या. आधी सहायक मुलीनं, मग कॅमेऱ्यावाल्यांनी, मग आमच्या टोळीनं घमेली बडवायला घेतली. मॅनेजर स्वतः चहाचा कप घेऊन यारीपाशी आला. मिस्तरीनं घेतला आणि म्हणाला, "साखर कमी हाय." मॅनेजर दुसरा आणायला वळला. त्या घटकेला मला जे वाटलं ते लिहायला सातवीची मराठी पुरत नाही. मी उगाच जाऊन तारेला ग्रीस लावत बसलो.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही अख्खी टोळी नगरला गेलो, दुपारच्या खेळाला. आदल्या दिवसापासून माझी काळजी सुरू, की तो भाग कापला असला तर? मिस्तरीला काय तोंड दाखवायचं? तो नवी टोपी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून खुर्चीच्या टोकावर बसला होता.

कापला नव्हता. भिंतीएवढे हात पडद्यावर आले. भेगा, काळी नखं, दांड्यावर थांबलेली बोटं. थेटर गच्च भरलेलं, पण पॉपकॉर्नची कुरकुरसुद्धा थांबली. आणि मागून कोणीतरी बाई न राहवून म्हणाली, "कळलं! ह्या म्हाताऱ्याला कळलं बघ!" पुढच्या रांगांतून शिट्टी आली. मग आणखी दोन. एक शब्द न बोलता त्या हातांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

मिस्तरी माझ्या कानाशी आला. "एवढी मोठी नखं हायत व्हय माझी?"

मध्यंतरात आम्ही बाहेर उभे होतो. फेटा बांधलेला एक शेतकरी बराच वेळ आमच्याकडं बघत होता. शेवटी जवळ आला आणि काही न विचारता त्यानं मिस्तरीचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"तुमीच का?"

"मीच."

"मी श्रीगोंद्याकडचा. चाळीस फुटांवर काम आडलंय. दोन टोळ्या पळाल्या. माझी पोरं बी खाली उतरत्यात, म्हनून मानूस बघतोय. जरा... आयकू येनारा."

मिस्तरीनं त्याला दगड कसा आहे, दरडीला भेग आहे का, जुनी विहीर जवळ आहे का, असं सगळं नीट विचारून घेतलं. मग माझ्याकडं वळला. "डायरीत लिवा, पाव्हणं. हितलं उरकलं की पुढच्या सोमवारी ह्यांच्याकडं."

मी खिशातून डायरी आणि पेन काढलं. गाव, वाट, फूट, दगडाची जात, सोमवार. अक्षर चांगलं आलं. शेतकऱ्यानं वाचून बघितलं आणि मान हलवली. आतून घंटा वाजली, आणि तो आमच्याच मागोमाग आत आला.